एक पाऊलही न चालता

गेल्या पंधरवड्यात आमच्या महिला मंडळाची बैठक बस्तीच्या सभागृहात भरली. विषय एकच, पुढच्या वर्षीची परदेशाची सहल. सहलवाल्यांनी पाठवलेलं गुळगुळीत रंगीत पत्रक या हातातून त्या हातात फिरत होतं. जपान, आठ दिवस, त्यातले पाच टोकियोत. शुद्ध जैन जेवण, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी ताट. इथवर सगळं ठीक. पण सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'चालकासह खासगी गाडी. हॉटेलच्या दारात बसा, ठिकाणाच्या दारात उतरा. एक पाऊलही चालावं लागणार नाही!'

ते वाक्य वाचून दाखवलं तशा बायकांच्या माना डोलल्या. "हे एक बरं झालं बाई." "गाडी आहे न्हवं, मग काळजी नाही." मी म्हटलं, "मला तेवढंच नको आहे. बाकी सगळं ठेवा." सभागृह एकदम गप्प. मग एक वैनी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन आलाय न्हवं? स्वतः गाडीतून हिंडून आलात आणि आता आम्हाला चालायला लावताय?"

तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही. चहा आला, बैठक मोडली. म्हणून आता सविस्तर लिहिते. मी तशाच गाडीतून टोकियो हिंडून आलेय, म्हणूनच बोलते आहे.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही पाचजण गेलो होतो. आम्ही दोघं, मोठे भावजी, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा. पुतण्यानं इथूनच सगळं ठरवून ठेवलं होतं. काळी, उंच, मोठी व्हॅन. बटण दाबलं की दार आपोआप सरकायचं. चालक साठीच्या पुढचे, हातात पांढरे हातमोजे, गळ्यात टाय. दर वेळी आम्ही चढता-उतरताना कमरेत वाकून नमस्कार करायचे. गाडी इतकी स्वच्छ, की आत पाय ठेवायला संकोच वाटावा.

पहिल्या दिवशी आम्ही टोकियोतली सात ठिकाणं 'केली'. हा शब्द पुतण्याचा. संध्याकाळी फोनवरच्या यादीवर खुणा करून म्हणाला, "काकू, सात झाली." खरंच झाली होती. पण त्या रात्री अंथरुणावर पडून मी आठवायला लागले, तर डोळ्यापुढं येत होती ती गाडीची काच. काचेपलीकडं इमारती सरकताहेत, आतमध्ये थंडगार हवा, भावजींना डुलकी लागलेली, आणि जाऊबाई विचारताहेत, "आता कुठं आलोय गं आपण?"

असाकुसाला सेन्सोजी म्हणून देऊळ आहे, टोकियोतलं सगळ्यात जुनं. तिथल्या दरवाजात भला मोठा लाल कंदील टांगलेला आहे, फोटोत सगळ्यांनी बघितलेला. त्या दरवाजापासून आतल्या देवळापर्यंत सुमारे २५० मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी लहान लहान दुकानं. तो रस्ता चालणाऱ्यांचाच. आमची गाडी दरवाजासमोर जास्त वेळ उभी करता येत नव्हती, म्हणून आम्ही उतरलो, कंदिलाखाली उभं राहून फोटो काढला आणि दहा मिनिटांत परत गाडीत. देऊळ न बघता देवळाच्या दारातून परतलेली माणसं आम्ही! यादीवर मात्र खूण झाली.

शिबुयाचा चौक तसाच. तिथं सिग्नल पडला की सगळ्या बाजूंची वाहनं एकदम थांबतात आणि शेकडो माणसं सरळ, तिरपी, हवी तशी रस्ता ओलांडतात. एवढी माणसं, पण धक्का नाही, आरडाओरडा नाही. ते बघायला, त्यातून चालायला जगभरातून लोक येतात. आम्ही तो चौक बघितला थांबलेल्या गाड्यांपैकी एकीत बसून. म्हणजे ज्याच्यासाठी माणसं तिथं येतात, ते आम्ही करत नव्हतो. आम्ही त्याची खोळंबलेली बाजू होतो.

आणि जेवणाचं सांगते. नोव्हेंबरअखेरीला टोकियोत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आम्हा रात्री न जेवणाऱ्यांचा दिवस तिथं फार लहान. 'गाडी असल्यावर हॉटेलवर वेळेत पोचू' असा हिशेब होता. चार वाजता आम्ही उड्डाणरस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलेले. शेवटी मांडीवर टॉवेल पसरून गाडीतच दशम्या आणि शेंगाची चटणी काढली. गाडीत सांडू नये म्हणून जाऊबाई घास तोंडात घालून दुसरा हात हनुवटीखाली धरत होत्या. चालक बिचारे समोर बघत राहिले. मला त्या पांढऱ्या हातमोज्यांपुढं शेंगाच्या चटणीची लाज वाटली नाही. लाज वाटली ती याची, की एवढ्या लांब येऊन आपण एका डब्यात बसून दुसरा डबा उघडतो आहोत.

तिसरा दिवस रविवार होता. गिन्झा हा तिथला महागड्या दुकानांचा भाग. पुतण्यानं सांगितलं, मोठ्या रस्त्यावर गाडी घ्या. चालकांनी दोन्ही हात छातीशी फुलीसारखे धरून दाखवले. तिकडं 'नाही' सांगायची ती खूण. मग फोनमध्ये काहीतरी बोलले आणि फोन हिंदीत म्हणाला, आज दुपारी हा रस्ता गाड्यांना बंद आहे, तुम्ही चालत जा, आज रस्ता तुमचा आहे.

खरंच होतं ते. १९७० सालापासून गिन्झाचा तो मुख्य रस्ता सुट्टीच्या दिवशी दुपारी वाहनांना बंद करतात आणि माणसांना मोकळा सोडतात. त्याला जपानीत नावच आहे, चालणाऱ्यांचा स्वर्ग. रस्त्याच्या मधोमध छत्र्या आणि खुर्च्या मांडलेल्या, पोरं पळताहेत, म्हाताऱ्या जोडीनं हात धरून चालताहेत. पुतण्या वैतागला. "एवढे पैसे मोजलेत गाडीचे," म्हणाला. तो चालकांना पलीकडच्या गल्लीतून गाडी फिरवून घ्यायला सांगू लागला, म्हणजे आम्हाला दुकानाच्या जवळात जवळ उतरता येईल. स्वर्गाच्या दारात येऊनही आम्ही मागच्या दाराची चौकशी करत होतो.

त्या दिवशी मला कळलं, की टोकियो हे शहर गाडीतून बघायचं शहरच नाही. हे माझं मत नव्हे, ते शहरच तसं सांगतं. तिथं गाडी विकत घ्यायची तर ती ठेवायला जागा आहे, असं पोलिसांकडून प्रमाणपत्र आणावं लागतं. हा कायदा १९६२ चा. रस्त्याच्या कडेला रात्रभर गाडी लावून ठेवायची सोय नाही. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून सायकल आली तरी गाडीनं थांबावं. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता असतो तो चौकटीचा आणि घराचा. अशा शहरात दारात गाडी उभी करायचा हट्ट म्हणजे शेताच्या बांधावरून ट्रॅक्टर नेण्यासारखं आहे.

उलट रेल्वे बघा. शहराच्या मधल्या भागाला वेढा घालणारी यामानोते नावाची लोकल आहे. ३४.५ किलोमीटरचा वेढा, ३० स्टेशनं, साधारण तासाभरात तुम्ही निघालात तिथं परत. जमिनीखालच्या १३ मार्गिका वेगळ्याच. त्यातली पहिली १९२७ साली सुरू झाली, अख्ख्या आशिया खंडातली पहिली. टोकियोतली माणसं यातून हिंडतात. साहेबही त्यातूनच आणि पिवळी टोपी घालून एकटी शाळेला निघालेली सहा-सात वर्षांची पोरही त्यातूनच.

निहोनबाशीची गोष्ट तर मला फार लागली. निहोनबाशी म्हणजे एक पूल. जपानच्या रस्त्यांची अंतरं जिथून मोजतात, तो शून्याचा दगड तिथं आहे. टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा देशभर जाणारे पाच मोठे रस्ते तिथून निघायचे, आणि माणसं ते रस्ते पायी चालायची. आत्ताचा दगडी पूल १९११ चा. पण १९६४ च्या ऑलिंपिकच्या घाईत, १९६३ साली, त्याच्या डोक्यावरून उड्डाणरस्ता नेला आणि तो पूल अंधारात गेला. जपानी माणसांनाच आता त्याची खंत वाटते, म्हणून तेवढ्या भागात रस्ता जमिनीखाली न्यायचं काम त्यांनी काढलंय. आम्ही त्या उड्डाणरस्त्यावरून दोनदा गेलो. ज्या दगडापासून सगळे रस्ते मोजतात त्याच्या डोक्यावरून गेलो आणि आम्हाला पत्ताही नव्हता. चौथ्या दिवशी पायी जाऊन खालून बघितला तेव्हा कळलं.

त्या पुलावरून निघणाऱ्या एका रस्त्याचं नाव तोकाइदो. त्यावर हाकोने इथं एक नाका होता. अशा नाक्यांवर दोन गोष्टींची कडक तपासणी व्हायची. एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका. सरदारांच्या बायका-मुलं एदोत अडकवून ठेवलेली असायची, म्हणजे सरदार बंड करणार नाहीत. त्यामुळं बाईला बाहेर जायचं तर परवाना लागायचा, आणि तो तपासायला नाक्यावर बायकाच ठेवलेल्या असायच्या. हे वाचलं तेव्हा मी आधी हसले, मग गप्प झाले. आमच्याकडं नाका नाही, पण "एकटी कुठं जातेस? गाडी सांगतो ना" हे वाक्य आहे. आणि ते बोलायला घरातल्या बायकाच पुढं असतात.

आता तुमचे आक्षेप एकेक घेते. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही.

पहिला, गुडघे. "तुम्हाला काय, तुमचे पाय धड आहेत." जाऊबाईंचं वय त्रेसष्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. पण याच जाऊबाईंनी दहा वर्षांपूर्वी शिखरजीची वंदना केलीय. चढ, टोकांची वंदना आणि उतार मिळून २७ किलोमीटर, अनवाणी, पहाटे अंधारात निघून. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या आपल्यातल्या कितीजणी चढून आल्यात, हात वर करा म्हटलं तर सभागृह भरून हात वर होतील. तिथं आपण म्हणतो का, की डोलीवाल्याशिवाय येणार नाही? ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे, आणि असायलाच हवी. पण एकीला डोली लागते म्हणून आपण पन्नासजणींना डोलीत बसवत नाही. टोकियोतली गाडी डोलीसारखी वापरा. विमानतळावरून सामानासकट येताना घ्या, फार थकलात त्या दिवशी घ्या, ज्यांचं चालणंच बंद झालंय त्यांच्यासाठी रोज घ्या. मी डोलीविरुद्ध नाही. डोलीलाच यात्रा म्हणण्याविरुद्ध आहे.

दुसरा, हरवण्याची भीती. "तिथली अक्षरं कुठं कळतात?" अहो, आपण बेळगावच्या बायका. मराठीत शिकलो, कन्नड पाट्या वाचत बाजार केला, बसचा बोर्ड कन्नडमध्ये आला म्हणून आपलं गाव चुकलं नाही. अनोळखी लिपीला घाबरायचं काम बाकीच्यांनी करावं, सीमाभागातल्या बाईनं नव्हे. आणि टोकियोत तर प्रत्येक मार्गाला रंग आणि अक्षर आहे, प्रत्येक स्टेशनाला नंबर आहे. गिन्झा मार्ग नारिंगी, अक्षर 'जी'. गिन्झा जी-९, असाकुसा जी-१९. नऊवरून एकोणीसकडं जायचंय, नंबर वाढताहेत म्हणजे दिशा बरोबर. बालवाडीचं गणित आहे हे.

हरवलो आम्ही, नाही असं नाही. शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. महामारीआधी रोज ३५ लाखांच्या आसपास माणसं तिथून ये-जा करायची, जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन. मी आणि जाऊबाई तिथं पाऊण तास फिरत होतो. एकाच मिठाईच्या दुकानासमोरून तीनदा गेलो, दुकानातली पोरगी तिसऱ्यांदा आमच्याकडं बघून हसली. शेवटी एका आजीबाईंना हॉटेलचं कार्ड दाखवलं. त्या आपलं काम सोडून आमच्याबरोबर चालत दारापर्यंत आल्या. एक शब्द एकमेकींचा कळला नाही. निघताना दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला, आणि जाऊबाई म्हणाल्या, "पाच दिवसांत पहिल्यांदा जपानी माणूस भेटलं बघ." चालक सोबत होतेच की, पण त्यांच्याशी आम्ही ठिकाणांच्या नावापलीकडं काही बोललोच नव्हतो. हाही गाडीचा एक दोष. ज्याच्या भरवशावर पाच दिवस हिंडायचं, त्याची आपल्याला पाठच दिसते.

तिसरा, गर्दी आणि धक्के. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण बाईला गर्दीचा अनुभव काय असतो ते कुणी मला शिकवायला नको. तिथंही तो त्रास आहे, म्हणूनच सकाळच्या गर्दीच्या वेळी बऱ्याच मार्गांवर बायकांसाठी वेगळा डबा असतो, फलाटावर गुलाबी खुणा केलेल्या. पण आपण सहलीला गेलोय, कचेरीला नव्हे. दहानंतर निघा, बसायला जागा मिळते.

चौथा, जेवण. इथं मी कुणाला फसवणार नाही. तिथं साधं दिसणारं सूपसुद्धा बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात केलेलं असतं. नूडल्सवर भाजी दिसली म्हणून ते आपल्याला चालेल असं नाही. बौद्ध देवळांतून जे शाकाहारी जेवण करतात, शोजिन म्हणतात त्याला, त्यात कांदा-लसूणही नसतो. मला ऐकून फार आपलेपणा वाटला. पण त्यात मुळा असतो, कमळाची देठं असतात, म्हणजे कंदमूळ आलंच. तेव्हा डबा आपला आपणच न्यायचा, याला पर्याय नाही. पण डबा गाडीतच उघडला पाहिजे असं कुठं लिहिलंय? चौथ्या दिवशी आम्ही दोघींनी साडेतीनला एका बागेतल्या बाकावर बसून जेवलो. पिवळ्याधमक पानांची झाडं, पाण्याची बाटली, कडक भाकरी. समोरच्या बाकावर एक बाई आपला भाताचा डबा खात होती. तिनं आमच्याकडं बघून मान लववली. डबा दोघींचाही घरचा.

आणि पाचवा आक्षेप, जो बैठकीत कुणी बोललं नाही, पण नंतर दारात चपला घालताना एकीनं हळूच सांगितला. "आपल्याला दिग्व्रत असतं. श्राविकेनं उगाच हिंडू नये." बरोबर आहे. दिग्व्रत म्हणजे कुठवर जायचं याची मर्यादा स्वतः घालून घेणं. ज्यांनी ती घातलीय त्यांनी जपानला जाऊच नये, मी त्यांच्या पाया पडेन. पण विमानानं समुद्र ओलांडून गेल्यावर शेवटचे अडीचशे मीटर चालताना दिग्व्रत आठवणं, हे काही मला पटत नाही. आणि व्रतांचीच गोष्ट काढलीत, तर त्याच ओळीत अनर्थदंडव्रत आहे. कारण नसताना हिंसा, कारण नसताना नासाडी करू नये. आम्ही असाकुसाला उतरलो की गाडी जागा शोधत रिकामी फिरायची. जागा मिळाली की तिथल्या नियमाप्रमाणं चालक इंजिन बंद करायचे, आणि आम्ही परत आल्यावर "आत गार का नाही?" म्हणून कुरकुरायचो. पाच माणसांसाठी एक मोठी गाडी दिवसभर शहरात फिरवायची, आणि आमच्या पायाखालून दर दोन-चार मिनिटांनी ती लोकल जातेय. अनर्थदंड म्हणजे आणखी काय असतं?

आपण ज्यांना वंदन करतो त्यांच्याकडं बघा ना. माताजींचा विहार आपल्या गावावरून जातो तेव्हा आपण वेशीपर्यंत सोबत चालतो. त्यांची ईर्यासमिती आपण लहानपणापासून ऐकतो, दिवसाउजेडी, चार हात जमीन बघत, जीव जपत चालायचं. आपल्याच जिल्ह्यातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून पायी निघाले ते शिखरजी करून पुढं उत्तरेत दिल्लीपर्यंत गेले. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी देह ठेवला. आपल्या धर्मात चालण्याला एवढी जागा आहे, जमिनीकडं बघण्याला एवढी किंमत आहे. आणि आपण 'एक पाऊलही चालावं लागणार नाही' हे वाक्य वाचून माना डोलावतो! मी संसारी बाई, माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण ज्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्यांच्याकडून पायांचा उपयोग तरी शिकावा.

आता खरं कारण सांगते. गुडघे, गर्दी, लिपी हे सगळं वरवरचं आहे. गाडीत बसलं की ठरवायचं काम आपल्याकडं राहत नाही. कुठं जायचं ते पुतण्या सांगतो, कुठं थांबायचं ते चालक ठरवतात, कधी निघायचं ते भावजींचं घड्याळ. आपण मागच्या सीटवर. घरात तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांच्या वेळा सांभाळणारी बाई सहलीला जाते आणि तिथंही ती सामानासारखी चढते-उतरते. याला आपण 'सोय' म्हणतो. आपल्या आयांना बैलगाडीला पडदा लावून माहेरी पोचवायचे, त्यालाही सोयच म्हणायचे.

चौथ्या दिवशी ह्यांना आणि भावजींना आराम हवा होता, पुतण्याला सर्दी. मी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला खुणांनी विचारलं. तिनं रेल्वेचं कार्ड कसं घ्यायचं, पैसे कसे भरायचे, सगळं कागदावर काढून दिलं. ते कार्ड फाटकाला टेकवलं की दार उघडतं, पैसे आपोआप वजा होतात. लोकलला चालतं, बसला चालतं, पाण्याची बाटली घ्यायलाही चालतं. जाऊबाईंनी आपलं कार्ड पहिल्यांदा टेकवलं, फाटक उघडलं, आणि त्या पलीकडं जाऊन मागं वळून माझ्याकडं बघायला लागल्या. त्रेसष्ट वर्षांत स्वतःच्या हातानं स्वतःचं तिकीट काढलेलं नव्हतं त्यांनी. मला म्हणाल्या नाहीत, पण संध्याकाळी परतल्यावर कार्ड कुणाकडं दिलं नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. अजून तिथंच आहे.

त्या दिवशी आम्ही तीनच ठिकाणं बघितली. निहोनबाशीचा पूल, सेन्सोजी, या खेपेला आतपर्यंत, आणि मेइजी देवस्थान. तिथं १९२० च्या सुमाराला देशभरातून आलेली लाखभर झाडं माणसांनी लावली, आणि आज ते भर शहरात दाट रान झालंय. त्यातल्या रुंद खडीच्या वाटेवरून चालत देवळाकडं जायचं. पायाखाली खडी करकरते, आवाज तेवढाच. जाऊबाई दोनदा बसल्या, तिसऱ्यांदा मी बसले. यादीवर खुणा तीनच झाल्या, पण मला ती तिन्ही ठिकाणं आजही पायांनी आठवतात.

पुढच्या बैठकीत मी असा ठराव मांडणार आहे. टोकियोच्या पाच दिवसांपैकी गाडी दोनच दिवस, येण्याच्या आणि जाण्याच्या. ती भाड्याची गाडी हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे परवान्याची असावी. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गाडी रोज, आणि तिचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. बाकीच्यांनी चौघी-चौघींचे गट करायचे. प्रत्येकीचं रेल्वेचं कार्ड तिच्या स्वतःच्या पर्समध्ये, सहलवाल्यांच्या नाही की नवऱ्याच्या खिशात नाही. हॉटेलचं जपानी पत्त्याचं कार्ड प्रत्येकीजवळ. दिवसाला तीन ठिकाणं, जास्त नाहीत. जेवणाचा डबा बरोबर, साडेतीनला जिथं असू तिथं बसायचं. आणि चालक दोन दिवस असतील तेव्हा त्यांचं नाव विचारायचं. आम्ही विचारलं नव्हतं.

ठराव पडला तर पडला. मग माझं नाव यादीतून काढा. जाऊबाईंनी मात्र त्यांचं नाव आधीच दिलंय, चालणाऱ्यांच्या गटात, दोन्ही पट्ट्यांसकट.